कॉलिन चॅपमन : मऊ स्प्रिंगांचे गणित

जुनी स्पोर्ट्स कार वळणावर कलू लागली की हौशी मंडळी कडक स्प्रिंगा बसवतात. लोटसचे जनक कॉलिन चॅपमन यांचे गणित निराळे होते. १९२८ साली इंग्लंडात जन्मलेल्या या इंजिनिअरने जुन्या ऑस्टिन सेव्हनचा पुढचा अखंड आस मधोमध कापून दोन्ही चाके स्वतंत्र केली. १९६२ च्या एलान गाडीला त्यांनी मऊ स्प्रिंगा व नेमके शॉक अ‍ॅब्सॉर्बर दिले. खड्ड्यांतही चाके रस्ता धरून राहत. पण हलकेपणाचा हव्यास धोक्याचाही होता. १९७० साली माँझा येथे लोटसच्या ब्रेकचा दांडा तुटला. त्या अपघातात योखेन रिंट गेले. चॅपमन १९८२ साली, ५४ व्या वर्षी हृदयविकाराने वारले. गाडी सुधारणाऱ्या वाचकांनी त्यांची मऊ स्प्रिंग जरूर घ्यावी, पण मजबुतीत काटकसर करू नये, असे आम्हांस वाटते.