हजेरी बंद करणारा राजा

हिंगोलीचे नाव इंग्रजांच्या दप्तरात ठगांबरोबर येते. निजामाच्या मुलखातील येथील छावणीच्या परिसरात ठगांचा बंदोबस्त झाला. 1836 च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढ्यावरच जन्मठेप ठरली. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर टोळीच्या जागी अख्ख्या जमाती आरोपी केल्या. जन्मालाच गुन्हा ठरवणारी ही दृष्टी मनुस्मृतीचीच!

याच काळात, 26 जून 1874 रोजी, कागलच्या घाटगे घराण्यात राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला. 1884 मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि 1894 मध्ये राज्यकारभार हाती घेतला. 1902 मध्ये त्यांनी मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखल्या, 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. महार, मांग, रामोशी, बेरड यांना रोज चावडीवर हजेरी द्यावी लागे. मग मजुरीला जायचे कधी? 1918 मध्ये महाराजांनी ही हजेरीच बंद केली. फासेपारधी पोटासाठी चोरी करतात हे ओळखून त्यांना घरे दिली, कामे दिली, पहाऱ्यावर नेमले. ज्यांच्या भीतीने गाव दारे लावी, त्यांच्याच हाती राखण सोपवली. 1920 च्या माणगाव परिषदेत त्यांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली. 6 मे 1922 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

1952 मध्ये 1871 चा वारसा असलेला कायदा रद्द झाला, संशय मात्र उरला. गावात चोरी झाली की आजही पहिली नजर पालाकडे वळते. 2022 च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते, म्हणजे गुन्हा सिद्ध होण्याआधीच कोठडीत. तुरुंगातही झाडू कोणाच्या हाती द्यायचा हे जात ठरवत होती; ते घटनाबाह्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाला 2024 मध्ये सांगावे लागले.

मग तुरुंग नकोच का? तसे आम्ही म्हणत नाही. वस्ती जाळणारा, आयाबहिणींवर हात टाकणारा गजाआड गेलाच पाहिजे. अॅट्रॉसिटीचा कायदा त्यासाठीच आहे. तो माणसाच्या कृत्याला शिक्षा देतो, जातीला नव्हे. पण भुकेच्या चोरीवर कोठडी हा इलाज नाही. कमावता माणूस आत गेला की पालावरची चूल विझते आणि सुटून आला तरी त्याला काम कोणी देत नाही. भूक तशीच राहते, वर शिक्का बसतो.

म्हणून हिंगोली जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी शाहू जयंतीला केवळ प्रतिमापूजन करून थांबू नये. पालावर जावे, जातीचा दाखला, रेशनकार्ड, घरकुलाची जागा आणि मुलांचा शाळाप्रवेश यांचा पाठपुरावा करावा. महाराजांनी गुन्हा कमी केला तो याच वाटेने.