नारायण मेघाजी लोखंडे

नारायण मेघाजी लोखंडे (१८४८ – ९ फेब्रुवारी १८९७) हे सत्यशोधक कार्यकर्ते, 'दीनबंधु' या वृत्तपत्राचे संपादक आणि भारतीय कामगार चळवळीचे जनक होते. गिरणी कामगारांच्या साप्ताहिक सुटीसाठी त्यांनी दिलेला लढा स्त्री-कामगारांच्या आरोग्याच्या व उपजीविकेच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरला.

प्रारंभिक जीवन

लोखंडे यांचा जन्म ठाणे येथे झाला. रेल्वे व टपाल खात्यात काही काळ नोकरी केल्यानंतर ते मुंबईतील मांडवी येथील एका कापडगिरणीत भांडारपाल झाले. तेथे त्यांना कामगारांचे जीवन जवळून पाहता आले. महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांच्या प्रभावाने ते सत्यशोधक समाजाच्या कार्यात सहभागी झाले. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' बंद पडल्यावर लोखंडे यांनी १८८० पासून ते मुंबईहून चालविले.

गिरण्यांतील स्त्रिया

कोकणातून तसेच पुणे, सातारा, अहमदनगर आदी जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे मुंबईच्या गिरण्यांत राबत. स्त्रिया प्रामुख्याने सूत गुंडाळण्याच्या खात्यांत असत व त्यांना कामाच्या मापावर मजुरी मिळे. आजारपणामुळे खाडा झाला की त्या दिवसाची कमाई बुडे. १८८१ च्या कारखाना कायद्याने केवळ बालकामगारांना संरक्षण दिले होते. स्त्रियांच्या कामाच्या तासांना त्यात मर्यादा नव्हती.

कामगार चळवळ

१८८४ मध्ये लोखंडे यांनी 'बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन' स्थापन केली. त्या वर्षी परळ येथे झालेल्या सभेनंतर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारला देण्यात आले. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, वेळेवर पगार आणि अपघातात जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन, या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. आजारी पडल्यावर मदत मागण्यापेक्षा विश्रांतीच्या हक्काने शरीर झिजण्यापासून वाचवावे, हा या मागण्यांचा आशय होता.

२४ एप्रिल १८९० रोजीच्या सभेस सुमारे १०,००० कामगार उपस्थित होते. त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. त्याच वर्षीच्या कारखाना आयोगावर लोखंडे यांनी सहायक सदस्य म्हणून काम केले. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या कामाला दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली व त्यांना दीड तासाची विश्रांती दिली. प्रसूतिकाळातील संरक्षण मात्र या कायद्यात नव्हते. मुंबई प्रांतात त्यासाठी १९२९ च्या कायद्याची वाट पाहावी लागली.

सामाजिक कार्य

विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्यांनी १८९० मध्ये मुंबईतील नाभिकांना संघटित केले. १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर सलोख्यासाठी केलेल्या कार्याबद्दल त्यांना 'रावबहादूर' हा किताब मिळाला.

प्लेगची साथ व मृत्यू

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरली. सरकारी रुग्णालयांच्या धास्तीने अनेक जण आजार लपवीत. लोखंडे यांनी रुग्णांसाठी मराठा रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. रुग्णसेवा करीत असतानाच त्यांना प्लेगची लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

स्मृती

भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. मुंबईतील महाराष्ट्र शासनाच्या श्रम विज्ञान संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आहे.