समुद्र घरात आणणारा माणूस

किनाऱ्यावर फिरताना जिवंत शंख, शिंपले, समुद्रफुले उचलून घरी आणणे हा आज अनेकांचा छंद आहे. तो सामान्य घरांपर्यंत पोहोचवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्यांपैकी एक म्हणजे इंग्लंडचे निसर्ग-अभ्यासक फिलिप हेन्री गॉस. समुद्री जिवांवर त्यांचे मनापासून प्रेम होते. त्या प्रेमाचे किनाऱ्यावर काय परिणाम झाले, हेही त्यांना याच जन्मी पाहावे लागले.

गॉस यांचा जन्म १८१० सालचा, वूस्टर गावचा. वडील गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रे रंगवत. बालपण पूल या बंदरात गेले. सतराव्या वर्षी नोकरीसाठी ते न्यूफाउंडलंडला गेले आणि एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून झाले. तिथे १८३२ मध्ये सूक्ष्मदर्शकावरचे एक जुने पुस्तक त्यांच्या हाती पडले आणि कीटकांचा नाद लागला. पुढे कॅनडात शेती केली, ती फसली. अलाबामात शिक्षकी केली. जमैकात १८४४ ते १८४६ या काळात पक्षी आणि इतर जीव गोळा केले. मग लंडनला परतून एकामागून एक पुस्तके लिहिली. या अतिश्रमाने प्रकृती ढासळली आणि १८५२ च्या सुरुवातीला हवापालटासाठी ते डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेले.

तिथे ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्यांत त्यांना एक नवेच जग दिसले. हे जीव मेलेले, दारूत बुडवलेले पाहण्यापेक्षा जिवंत पाहावेत, असे त्यांना वाटे. पण बरणीतल्या पाण्यात ते लगेच मरत. कारण साधे होते. प्राणी पाण्यातला प्राणवायू वापरतात आणि तो भरून निघाला नाही तर गुदमरतात. प्रकाशात वनस्पती प्राणवायू सोडतात, म्हणून गॉस यांनी पाण्यात जिवंत सागरी शैवाल ठेवले. योग्य प्रमाण साधले की पाणी बराच काळ ताजे राहू लागले. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी त्यांनी क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल तयार करण्याची कृतीही दिली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये लोकांसाठी मत्स्यालय सुरू झाले, त्यासाठीही त्यांनी जीव गोळा करून पाठवले. पुढच्याच वर्षी त्यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि तो शब्द घरोघरी रुळला.

पुस्तकातली रंगीत चित्रे त्यांनी स्वतः काढलेली होती. वाचक भारावून गेले. काचेवरचा कर १८४५ मध्येच रद्द झाला होता, रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती. सुट्टीत समुद्रावर जायचे, बरण्या भरून आणायच्या आणि दिवाणखान्यात काचेची पेटी मांडायची, ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. गॉस यांनी १८५५ मध्ये इल्फ्रॅकूमला किनाऱ्यावरच निसर्ग-अभ्यासाचा वर्ग घेतला. खडकाला चिकटलेले समुद्रफूल इजा न होता हवे असेल तर छिन्नी-हातोडीने खडकाचा तुकडाच काढावा, हे तंत्रही वाचकांना त्यांच्याकडूनच मिळाले.

ते तंत्र अभ्यासकाच्या हातात एक होते आणि हजारो हौशी हातांत वेगळेच ठरले. घरातल्या पेटीत पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होई. एक जीव मेला की कुजून सारे पाणी नासे. मग पेटी रिकामी होई आणि पुढच्या सुट्टीत ती पुन्हा भरली जाई. तोडलेला खडक आणि उलटा टाकलेला दगड यांच्या आधाराने राहणारे इतर जीवही मरत, ते तर कुणाच्या हिशेबातच नव्हते.

डबकी लवकर का भरून येत नाहीत, याची उत्तरे जीवशास्त्रात आहेत. स्कॉटलंडचे जॉन डॅलिएल यांनी १८२८ मध्ये किनाऱ्यावरून आणलेले एक समुद्रफूल एडिंबरात १८८७ पर्यंत जगले. म्हणजे वरकरणी क्षुल्लक वाटणारा जीव माणसाइतका दीर्घायुषी असू शकतो. इंग्लंडच्या खडकांवर सर्रास दिसणाऱ्या ‘डॉग व्हेल्क’ या शंखाची पिल्ले पाण्यात तरंगत दूर जात नाहीत, अंड्यातून निघून तिथेच सरपटतात. एका खडकावरचे हे शंख वेचून नेले, तर लांबून नवे यायला फार काळ लागतो.

गॉस यांचे चिरंजीव एडमंड लहानपणी वडिलांचे बोट धरून याच डबक्यांत उतरले होते. ‘फादर अँड सन’ या १९०७ सालच्या आत्मकथनात त्यांनी लिहिले, की लहानपणी पाहिलेली ती सौंदर्याची आरास आता उरली नाही. गोळा करणाऱ्यांच्या फौजांनी ती ओरबाडून नेली. आपल्याच पुस्तकांनी ही लाट उठवली याची वडिलांना खोल खंत होती, असेही त्यांनी नोंदवले. गॉस १८८८ मध्ये वारले. समुद्रफुलांवरचा त्यांचा ग्रंथ पुढे अनेक वर्षे अभ्यासकांना उपयोगी पडला. त्यांनी गोळा केलेल्या जिवांतून माणसाच्या ज्ञानात भर पडली, दिवाणखान्यातल्या पेट्यांतून मात्र फारशी पडली नाही.

त्या छांदिष्टांपैकी कुणीही दुष्ट नव्हते. प्रत्येकाने थोडेच नेले आणि माझ्या एका बरणीने काय होणार, असे प्रत्येकाला वाटले. किनाऱ्यावर मात्र त्या सगळ्या बरण्यांची बेरीज झाली.

आजच्या शंख-संग्राहकापुढे मोह आणखी मोठा आहे. कवडीला चकाकी असते ती जिवंत प्राण्यामुळे. त्याच्या मऊ देहाची घडी कवचावर पसरते आणि ते गुळगुळीत राखते. वाळूवर पडलेली कवडी ऊन-वाळूने निस्तेज होते. म्हणून चकाकीच्या हौसेपायी प्राणी जिवंत पकडून उकळला जातो. दुकानातली डागविरहित कवडी हाती घेताना एवढे आठवावे.

वाळूवरचा शंख उचलला तर आधी डबक्यातल्या पाण्यात ठेवून थोडा वेळ थांबावे. आत मूळ मालक असू शकतो किंवा रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेला खेकडा. हालचाल दिसली तर जिथून घेतला तिथेच ठेवावा. उलटलेला दगड पुन्हा होता तसा करावा. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. गॉस यांना जे जीव पाहण्यासाठी घरी न्यावे लागले, ते आपण जागेवरच पाहून परत येऊ शकतो.