सर फिरोजशहा मेहता : नगरसेवेचे एक थोर चरित्र

देशभक्ताचे नाव काढताच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तुरुंग, सभा आणि मिरवणुका उभ्या राहतात. नळ, गटारे, दवाखाने व घरपट्टी यांच्या वादात ज्याने आपल्या आयुष्याची सुमारे चाळीस वर्षे वेचली, अशा पुरुषाचे चरित्र आमच्या बालवाचकांस प्रथमदर्शनी रुक्ष वाटण्याचा संभव आहे. तथापि आपल्या गावाच्या कारभारात सामान्य रहिवाशाला हात कसा घालता येतो, हे ज्यास शिकावयाचे असेल त्याने सर फिरोजशहा मेहता यांचे चरित्र अवश्य अभ्यासावे, असे आम्हांस वाटते.

फिरोजशहांचा जन्म मुंबईतील एका पारशी व्यापारी कुटुंबात ४ ऑगस्ट १८४५ रोजी झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८६४ साली पदवी मिळविल्यावर ते कायद्याच्या अभ्यासासाठी विलायतेस गेले आणि १८६८ साली बॅरिस्टर होऊन परतले. वकिलीत त्यांना पुढे पैसा व कीर्ती ही दोन्ही विपुल लाभली. परंतु त्यांचे चित्त मात्र लवकरच शहराच्या एका प्रश्नात गुंतले.

तो प्रश्न असा. १८६५ च्या कायद्याने मुंबईचा सारा अंमल म्युनिसिपल कमिशनर या एका अधिकाऱ्याच्या हाती गेला होता. त्याच्यावर देखरेख ठेवण्याचे काम सरकारने नेमलेल्या ‘जस्टिस ऑफ दि पीस’ या मंडळींकडे होते. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हे मोठे धडाडीचे गृहस्थ होते. रस्ते, स्वच्छता, मंडई अशी अनेक कामे त्यांनी झपाट्याने केली. पण खर्चाला धरबंध राहिला नाही. कराचा बोजा वाढला, हिशेबाचा घोळ झाला आणि १८७१ साली करदाते खवळून उठले. जिकडे तिकडे क्रॉफर्डसाहेबांच्या नावाने शंख होऊ लागला.

या प्रसंगी सव्वीस वर्षांच्या फिरोजशहांनी जे केले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. लोकांच्या रागात आपला राग मिसळून टाळ्या मिळविणे त्यांस सहज शक्य होते. पण धोबीतलावावरील फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये निबंध वाचताना त्यांनी उलट बाजू मांडली. क्रॉफर्ड यांनी शहराचे पुष्कळ भले केले आहे. दोष आहे तो मुख्यतः व्यवस्थेचा, असे त्यांचे म्हणणे होते. कारभार एका जबाबदार अधिकाऱ्याकडेच असावा, परंतु त्याला जाब विचारणारी सभा करदात्यांनी निवडलेली असावी, असा उपाय त्यांनी सुचविला. श्रोत्यांना हे रुचले नाही व सभेत मोठा गलबला झाला. परंतु पुढच्याच वर्षी, म्हणजे १८७२ साली, जो नवा कायदा झाला त्याची घडण पुष्कळ अंशी याच धोरणाची होती. चौसष्ट सभासदांच्या कॉर्पोरेशनात निम्मे सभासद करदात्यांनी निवडावयाचे ठरले.

पुष्कळ माणसे सुधारणा सुचवून घरी बसतात. फिरोजशहा १८७३ पासून स्वतः कॉर्पोरेशनात जाऊन बसले आणि अखेरपर्यंत त्यांनी ते काम सोडले नाही. अंदाजपत्रकातील आकडे ते बारकाईने तपासत, नियम तोंडपाठ ठेवीत आणि अधिकाऱ्यास नेमका प्रश्न विचारीत. १८८४, १८८५, १९०५ व १९११ अशा चार वेळी ते अध्यक्ष झाले. १८८८ साली मुंबईसाठी नवा म्युनिसिपल कायदा होत असता कायदेमंडळात त्यांनी व न्यायमूर्ती तेलंग यांनी मसुद्यावर अपार मेहनत घेऊन लोकांच्या प्रतिनिधींचे हक्क राखले. त्या कायद्याने बहात्तर सभासदांपैकी छत्तीस वॉर्डांतून निवडले जाऊ लागले. अनेक दुरुस्त्या होऊनही मुंबई महानगरपालिकेचा कारभार आजही त्याच कायद्याच्या पायावर उभा आहे. तानसा तलावाचे पाणी शहरास १८९२ साली मिळाले तेही याच काळात. पोलिसांचा खर्च शहराच्या माथी असू नये यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले. अखेरीस १९०७ च्या कायद्याने तो भार सरकारने उचलला आणि प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय साहाय्य यांची जबाबदारी कॉर्पोरेशनकडे आली.

त्याच १९०७ साली त्यांची कसोटी लागली. त्यांचे वर्चस्व काही बड्या सरकारी अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत सलत होते. जस्टिसांनी निवडावयाच्या सोळा जागांची निवडणूक आली तेव्हा या मंडळींनी गट बांधून त्यांना पाडण्याचा घाट घातला आणि फिरोजशहा सतरावे आले. तेव्हा माधवबागेत गोपाळ कृष्ण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली निषेधाची मोठी सभा भरली. ज्यांच्या मतासाठी हा झगडा होता ते नागरिक आपणहून जमले, हेच त्या सभेचे मर्म होय. पुढे निवडून आलेल्या एका गृहस्थाची निवड रद्द ठरून ती जागा फिरोजशहांस मिळाली आणि ते पूर्वीच्याच उत्साहाने कामास लागले. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. महापालिकेच्या इमारतीसमोर त्यांचा पुतळा १९२३ सालापासून उभा आहे.

या चरित्रातील एक उणीवही सांगितली पाहिजे. त्या काळी मत होते ते ठराविक कर भरणारांस. परळच्या चाळीतील गिरणीकामगार शहरासाठी घाम गाळी, पण शहराच्या कारभारात त्याला मत नसे. मुंबई महापालिकेची निवडणूक प्रौढ मताधिकाराने प्रथम झाली ती १९४८ साली. म्हणजे फिरोजशहांनी दार उघडले खरे, पण ते सर्वांस खुले होण्यास आणखी पिढ्या लागल्या. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांस राज्यघटनेत स्थान मिळाले आणि स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखून ठेवण्यात आल्या.

पवित्र शास्त्रात नहेम्याची कथा आहे. यरुशलेमचा तट पडला असता अनेकांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधून काढला आणि तट उभा राहिला. नगरसेवेचे सारे रहस्य आम्हांस या कथेत दिसते. आमच्या विद्यार्थ्यांस अठरावे वर्ष लागेल तेव्हा त्यांनी मतदारयादीत नाव नोंदवावे. आपल्या वॉर्डाचा प्रतिनिधी कोण, कर किती जमतो व तो कशावर खर्च होतो, याची माहिती करून घ्यावी. गल्लीतील गटार तुंबले तर नुसती कुरकुर न करता चार शेजारी मिळून लेखी अर्ज द्यावा आणि त्याचे उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. ज्यास शक्य असेल त्याने पुढे उमेदवार म्हणूनही उभे राहावे. अधिकाऱ्यास दोष देणे सोपे आहे. त्याच्या समोरच्या बाकावर वर्षानुवर्षे बसून हिशेब मागणे कठीण आहे. फिरोजशहांनी कठीण ते पत्करले, म्हणून त्यांचे नाव राहिले. आमच्या शाळेतून असे चार तरी नागरिक निपजोत, एवढीच आमची प्रार्थना.