लंडन ते ऑस्ट्रेलिया: आज 17 तास, एमी जॉन्सनला लागले होते साडेएकोणीस दिवस

लंडनच्या हीथ्रोवरून निघालेलं विमान आज कुठेही न थांबता साधारण 17 तासांत ऑस्ट्रेलियातल्या पर्थला उतरतं. अंतर सुमारे साडेचौदा हजार किलोमीटर. दोन जेवणं, दोन सिनेमे आणि एक झोप झाली की प्रवास संपला.

1930 मध्ये मात्र लंडनहून ऑस्ट्रेलिया गाठायला एमी जॉन्सनला साडेएकोणीस दिवस लागले होते. आणि विमानात ती एकटीच होती.

एमीचा जन्म 1903 चा, इंग्लंडमधल्या हल शहरातला. वडील मासळीचे व्यापारी. शेफील्ड विद्यापीठातून पदवी घेऊन ती लंडनमध्ये एका वकिलाकडे सेक्रेटरी म्हणून काम करत होती. तिथेच तिला विमानाचं वेड लागलं. तिने उडवण्याचं लायसन्स तर काढलंच, पण विमान दुरुस्तीचंही काढलं.

वडील आणि तेल व्यावसायिक लॉर्ड वेकफील्ड यांच्या मदतीने तिने एक जुनं जिप्सी मॉथ विमान घेतलं. नाव ठेवलं 'जेसन'. हा वडिलांच्या धंद्याचा ट्रेडमार्क होता.

5 मे 1930 रोजी तिने क्रॉयडन विमानतळावरून उड्डाण केलं. त्याआधीचा तिचा सगळ्यात लांबचा प्रवास होता लंडन ते हल!

मग इतके दिवस का लागले? विमान लाकडी सांगाड्याचं, एकाच इंजिनाचं. रेडिओ नाही. नकाशा आणि होकायंत्र पाहत, इंधनासाठी थांबत जायचं. त्यामुळे व्हिएन्ना, बगदाद, कराची, कोलकाता असं करत डार्विनपर्यंतचं अंतर जवळपास 18 हजार किलोमीटर भरलं.

त्यावेळचा विक्रम होता बर्ट हिंकलरचा, साडेपंधरा दिवसांचा. कराचीला एमी सहा दिवसांतच पोहोचली, म्हणजे हिंकलरच्या दोन दिवस पुढे. पण पुढे इंधन कमी पडल्याने तिला झाशीच्या लष्करी मैदानावर उतरावं लागलं आणि पंखाचं नुकसान झालं. रंगूनजवळ तर विमान थेट खड्ड्यात गेलं. दुरुस्तीत दिवस गेले आणि विक्रमही हातचा गेला.

24 मे रोजी ती डार्विनला उतरली. विक्रम हुकल्याची खंत तिला होती. जगाने मात्र वेगळाच हिशोब मांडला. इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया एकटीने उडणारी ती पहिली महिला ठरली होती.

दुसऱ्या महायुद्धात ती विमानं एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोचवण्याचं काम करत होती. 5 जानेवारी 1941 रोजी ती ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टनला निघाली. प्रवास जेमतेम तासाभराचा. पण हवामान खराब होतं, ती भरकटली आणि काही तासांनी विमान थेम्सच्या मुखाशी पाण्यात कोसळलं. तिला वाचवायला उडी मारणारे नौदल अधिकारी वॉल्टर फ्लेचर यांचाही जीव गेला.

एमीचा मृतदेह कधीच सापडला नाही. 18 हजार किलोमीटर सुखरूप पार करणारी एमी तासाभराच्या प्रवासातून परतलीच नाही. तिचं 'जेसन' आजही लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.