विष्णुपंत गोविंद दामले

विष्णुपंत गोविंद दामले (इ.स. १८९२ - इ.स. १९४५) हे मराठी चित्रपट दिग्दर्शक, ध्वनिमुद्रक आणि प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते. एस. फत्तेलाल यांच्यासह त्यांनी दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' (१९३६) हा चित्रपट विशेष प्रसिद्ध आहे. बोलपटाच्या आरंभकाळात प्रभातच्या ध्वनिमुद्रणाची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

सुरुवातीची कारकीर्द

दामले यांचा जन्म पेण येथे झाला. कोल्हापुरात ते चित्रकार आनंदराव व बाबूराव पेंटर यांच्या सहवासात आले. आनंदरावांच्या निधनानंतर बाबूरावांनी दामले यांच्या मदतीने चलच्चित्रणाचा कॅमेरा तयार केला. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनीत काम करीत असताना दामले व फत्तेलाल यांनी 'महारथी कर्ण' (१९२८) हा मूकपट दिग्दर्शित केला. १९२९ मध्ये व्ही. शांताराम, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरात प्रभातची स्थापना केली.

ध्वनिमुद्रण

१९३१ मध्ये 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि मूकपट काढणाऱ्या संस्थांपुढे ध्वनीचे तंत्र आत्मसात करण्याचा प्रश्न उभा राहिला. प्रभातमध्ये हे काम दामले यांनी स्वीकारले. 'अयोध्येचा राजा' (१९३२) या बोलपटाचे ध्वनिमुद्रण त्यांनी केले. गोविंदराव टेंबे व दुर्गा खोटे यांच्या त्यात प्रमुख भूमिका होत्या. पार्श्वगायन तेव्हा रूढ नव्हते. नट कॅमेऱ्यासमोर गात असे आणि साथीची वाद्ये त्याच वेळी वाजत. आवाज व साथ एकाच पट्टीवर उमटल्यावर त्यांचा तोल नंतर बदलता येत नसे. त्यामुळे मायक्रोफोनची जागा आणि गायकापासूनचे त्याचे अंतर मुद्रणापूर्वीच ठरवावे लागे.

मायक्रोफोनमधील क्षीण विद्युत्संकेत ॲम्प्लिफायर वाढवीत असे आणि तो प्रकाशाच्या साहाय्याने फिल्मवर नोंदला जाई. चित्रपटगृहात ही क्रिया उलट दिशेने होई. प्रकाशविद्युत घट, ॲम्प्लिफायर आणि अखेरीस पडद्यामागील लाउडस्पीकर यांतून तो ध्वनी श्रोत्यांपर्यंत पोहोचे. या साखळीतील एक दुवा कच्चा असला तरी शब्द अस्पष्ट होत. घरगुती हाय-फाय संच निवडताना ॲम्प्लिफायर व स्पीकर परस्परांना अनुरूप असावे लागतात, ते याच तत्त्वामुळे. मात्र उत्तम स्पीकरही मूळ मुद्रणात न उमटलेला शब्द ऐकवू शकत नाही. ध्वनिमुद्रकाच्या कामाचे महत्त्व यातून स्पष्ट होते.

पुण्यातील कार्य

१९३३ मध्ये प्रभात कंपनी पुण्यात आली. 'अमृतमंथन' (१९३४) यासारख्या बोलपटांनंतर दामले पुन्हा दिग्दर्शनाकडे वळले. 'संत तुकाराम'मध्ये विष्णुपंत पागनीस यांनी तुकारामांची भूमिका केली, तर संगीत केशवराव भोळे यांचे होते. शांताराम आठवले यांनी लिहिलेले त्यातील एक गीत अनेकांना तुकारामांचाच अभंग वाटत आले आहे. हा चित्रपट १९३७ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात गौरवला गेला. त्यानंतर दामले-फत्तेलाल यांनी 'गोपाळकृष्ण' (१९३८) आणि 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) हे चित्रपट दिग्दर्शित केले.

निधन व वारसा

१९४५ मध्ये दामले यांचे निधन झाले. १९५० च्या दशकात प्रभात कंपनी बंद पडली. तिच्या पुण्यातील जागेत १९६० मध्ये सुरू झालेल्या, आज भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत ध्वनिमुद्रणाचे शिक्षण दिले जाते.