बदकाच्या पोटातील उत्तर

डेन्मार्कमधील पशुवैद्यकाचे जनक म्हणून पीटर क्रिश्चन आबिल्डगार्ड यांचा गौरव होतो, आणि तो यथार्थ आहे. जीवशास्त्राच्या इतिहासात मात्र त्यांना स्थान मिळाले ते बोटभर लांबीच्या एका माशामुळे.

२२ डिसेंबर १७४० रोजी कोपनहेगन येथे त्यांचा जन्म झाला. वडील सोरेन हे प्राचीन वास्तूंची रेखाटने करीत. धाकटे बंधू निकोलाय पुढे नामवंत चित्रकार झाले. पीटर मात्र औषधशास्त्र आणि वैद्यक यांकडे वळले. त्या काळी युरोपातील गोठे बुळकांडीने ओस पडत होते. म्हणून १७६३ मध्ये त्यांना फ्रान्समधील लिआँ येथे, नुकत्याच निघालेल्या पशुवैद्यक विद्यालयात शिक्षणासाठी पाठविण्यात आले. तेथून परतल्यावर १७७३ मध्ये त्यांनी कोपनहेगनमध्ये तशीच संस्था उभारली. विजेच्या धक्क्याने निश्चेष्ट पडलेली कोंबडी छातीवर पुन्हा धक्का दिल्यास उठून चालू लागते, हे त्यांनी १७७५ मध्ये प्रसिद्ध केले. एका गोष्टीवर समाधान मानणारा हा माणूस नव्हता. ग्रीनलंडहून आलेल्या शुभ्र खनिजाला ‘क्रायोलाइट’ हे नावही त्यांचेच.

पोटातील कृमी येतात कोठून, हा त्या शतकातील विद्वानांचा मोठा वाद होता. लिनियससारख्या पंडितालाही पट्टकृमी चिखलपाण्यात मोकळे राहतात असे वाटत असे. इतर बहुतेकांचे मत असे की, कृमी शरीरातच उपजतात, जन्माबरोबरच येतात. डेन्मार्कच्या राजकीय विज्ञानसंस्थेने या प्रश्नावर पारितोषिक जाहीर केले, आणि ते मिळविणारे मत्स्यशास्त्रज्ञ ब्लॉख यांनीही उपजततेचीच बाजू घेतली. म्हणजे वादावर राजमान्यतेची मोहोर उठली होती.

स्टिकलबॅक हा पाठीवर तीन काटे असलेला चिमुकला मासा उत्तर युरोपात ओढ्यांत राहतो, तसाच समुद्रकिनारीही. त्याचे फुगलेले पोट चिरले की आत पांढरी, जाड फीत निघते. कधी तर ही फीत वजनाने माशाच्या बरोबरीची भरते! आबिल्डगार्ड यांनी बारकाईने पाहिले, तेव्हा माशातील या कृमीत अंडी तयार झालेली नव्हती. मासे खाणाऱ्या पाणपक्ष्यांच्या आतड्यांत मात्र तशाच घडणीचा, पूर्ण वाढलेला कृमी आढळत होता. वाद घालण्याऐवजी त्यांनी कृमीग्रस्त मासे बदकांना खाऊ घातले. पुढे बदकांची आतडी उघडली, तेव्हा तेच कृमी तेथे जिवंत सापडले. परजीवी एका प्राण्यातून दुसऱ्यात जातो आणि तेथे त्याची वाढ पुरी होते, हे प्रयोगाने दाखविण्याचा हा पहिलाच प्रसंग. १७९० मध्ये कोपनहेगनच्या निसर्गेतिहास मंडळाच्या ग्रंथात त्यांनी तो नोंदविला. हे मंडळ स्थापन करणाऱ्यांत ते स्वतः होते.

विद्वानांनी याकडे जवळजवळ लक्षच दिले नाही. गुरांचा वैद्य, दोन-चार बदके आणि ओढ्यातले मासे, एवढ्यावर जुने मत कोण सोडणार? शिवाय माशात कृमी शिरतो कसा, याचे उत्तर या प्रयोगात नव्हतेच, हेही मान्य करावे लागते. २१ जानेवारी १८०१ रोजी आबिल्डगार्ड यांचे निधन झाले. पट्टकृमी एका यजमानात बाल्य आणि दुसऱ्यात प्रौढत्व काढतो, हे सर्वमान्य होण्यास एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. तेव्हा जर्मन वैद्य क्युखनमायस्टर यांनी डुकराच्या मांसातील कृमी फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांना न सांगता खाऊ घातले, आणि मृत्यूनंतर त्यांची आतडी तपासली. असा प्रयोग न सांगता माणसांवर केला गेला, ही गोष्ट आजही वाचवत नाही.

स्टिकलबॅकच्या कृमीची साखळी विसाव्या शतकात पूर्ण उलगडली. पक्ष्याच्या विष्ठेतून अंडी पाण्यात पडतात, त्यातून निघालेला जंतू कोपेपॉड नावाचा सूक्ष्म कवचधारी जीव गिळतो, कोपेपॉडला मासा खातो आणि माशाला पक्षी. पक्ष्याच्या उबदार पोटात दोनेक दिवसांतच कृमी प्रौढ होऊन अंडी घालू लागतो. परजीवींच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळांत आजही हा मासा आणि हा कृमी पाळला जातो.